पाप नसतं, परिणाम असतात असं पोरीला सांगितलं आणि आता फसलोय

खारघरचा_बाबा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या घरी मी आणि बायकोने आधीपासून ठरवलेलं की पोरीला पाप-पुण्याची भीती घालायची नाही. आम्ही दोघंही त्या भीतीतच वाढलोय. माझी आजी पनवेलकडच्या गावातली, तिची पापांची यादी संपायचीच नाही. पुस्तकाला पाय लागला पाप, दिवेलागणीनंतर झाडाचं पान तोडलं पाप, ताटात टाकलं पाप, आणि मीठ सांडलं तर मेल्यावर ते पापण्यांनी उचलावं लागतं. मी सहा-सात वर्षांचा असताना ओट्यावर चिमूटभर मीठ टाकून खरंच पापण्यांनी उचलून बघितलेलं, एक खडा उचलला गेला नाही, डोळे मात्र रात्रभर चुरचुरले. मग अंथरुणात हिशोब करत पडायचो की आत्तापर्यंत किती सांडलं असेल.

तर पोरीला आम्ही साधं सांगितलं, पाप वगैरे काही नसतं. आपण एखादी गोष्ट करायची की नाही ते ठरवतो, केली की तिचे परिणाम होतात, त्याची किंमत पडते. किंमत द्यायची तयारी असेल तर कर. ब्रश नाही केला तर दात किडणार, अभ्यास नाही केला तर मार्क जाणार. मला माझंच फार कौतुक वाटायचं खरं सांगतो.

गेल्या महिन्यात धो धो पाऊस, तिला क्लासला सोडायची घाई, मी पार्किंगमधून रिव्हर्स घेतली आणि मागे खाड्कन आवाज आला. एक स्कूटर आडवी पडलेली. उतरून उभी केली, एक आरसा तुटलेला, बाजूच्या पॅनेलला चीर. आजूबाजूला कुत्रं पण नव्हतं. कॅमेरा जूनपासून बंद आहे हे सगळ्या सोसायटीला माहीत. मी गाडीत बसलो आणि निघालो. पोरगी मागच्या सीटवर. उत्सव चौकात सिग्नलला तिने विचारलं, "बाबा, आता आपल्याला काय परिणाम होणार?" मी म्हटलं, काही नाही गं, उशीर होतोय. "कुणी बघितलं नाही म्हणून?" मी गप्प. "म्हणजे किंमत पण नाही?"

चार दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची स्कूटर. कमिटीने ठरवलं रात्रीच्या वॉचमनची ड्युटी होती, त्याचं लक्ष नव्हतं, एजन्सीने त्याच्या पगारातून १५०० कापले. (घडलं संध्याकाळी पावणेसहाला. तो सातला येतो. पण ते फक्त मला माहीत.) मी पोहे खात होतो, फोन उलटा करून ठेवला. पोरीने आईच्या फोनवर वाचलं. म्हणाली, "म्हणजे किंमत होती बाबा, पण वॉचमन काकांनी दिली."

नऊ वर्षांची आहे हो.

जाऊन सांगून टाका असा सल्ला नका देऊ, ते मला कळतंय, करणारच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. हे 'निवड आणि परिणाम' प्रकरण मुळातच तोकडं आहे का? की ते बरोबर आहे आणि मीच भेकड आहे? बायको म्हणते दुसरं.


पाणीपुरी_सेक्टर१७:

कॅमेरा जूनपासून बंद म्हणजे चित्रगुप्तच रजेवर, तुम्ही काय करणार. बाकी पोरीला वकील करा.


नौपाडा_काका:

बायको बरोबर बोलते. पण प्रश्न चांगला आहे म्हणून लिहितो, रिटायर्ड आहे, वेळ आहे.

माझ्या शाळेत एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू, मित्र होता. ठाण्यात त्यांची जुनी वस्ती, १८७९ सालचं सिनेगॉग (त्यांचं प्रार्थनास्थळ) आजही आहे, घरात आपल्यासारखीच मराठी. कोकणात यांना पूर्वी शनवार तेली म्हणायचे कारण तेलाचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. तर योम किप्पूरला, म्हणजे त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, हा दिवसभर कडकडीत उपास करायचा, पाणीसुद्धा नाही, आणि आम्ही टवाळ पोरं त्याला चिडवायचो की एका दिवसात वर्षभराची पापं धुतोस, मजा आहे बुवा तुझी. एकदा तो वैतागून म्हणाला, अरे तसं नसतं ते. देवाचं जे देणं असेल ते त्या दिवशी देव माफ करतो. माणसाचं देणं असेल तर आधी त्या माणसाकडे जायचं, त्याची समजूत काढायची, त्याचं घेतलं असेल ते परत करायचं, ते केल्याशिवाय उपास फुकट. मला वाटलं ही त्याच्या आजोबांची शिकवण. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्यांच्या मिश्ना नावाच्या ग्रंथात हे असंच लिहिलेलं आहे, दोन हजार वर्षांच्या आसपासचा जुना नियम.

आणखी एक गोष्ट त्याच मित्राने सांगितलेली. पापासाठी हिब्रूत जे शब्द आहेत त्यातल्या एकाचा धातू नेम चुकण्याचा आहे. बायबलच्या जुन्या भागात ७०० डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख येतो, केसावर धोंडा मारायचे आणि नेम चुकायचा नाही, तिथे हेच क्रियापद. ग्रीकमधला शब्द पण तसाच, नेम हुकणे. मला हे फार आवडतं. आमच्याकडे गावाला जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर बसून गोफण फिरवायचो तेव्हा नेम हुकला की धोंडा पाखराला लागायचा नाही हे खरं, पण जायचा कुठेतरीच. एकदा शेजारच्या रेडकाच्या डोळ्याला लागला. तेव्हा "माझा नेम चुकला" हे माझ्यापुरतं झालं, रेडकू आंधळं झालं हे वेगळंच उरलं. वडिलांनी मला मारलं नाही. दोन महिने त्या घरी पहाटे जाऊन त्या रेडकाचं वैरणपाणी करायला लावलं. मला तेव्हा मार परवडला असता.

तुम्ही पोरीला जे शिकवलंत त्यात दातांचं उदाहरण दिलंत ना, तिथे घोळ झाला. ब्रश न करणारा आणि दात किडणारा एकच. स्कूटरचं तसं नाही.


ऐरोली_साईड:

काका, वैरणपाणी वाचून गलबलून आलं.

मी थोडी भाषेच्या बाजूने बोलते, मराठी शिकवते म्हणून खोड आहे. आपण पाप हा शब्द कशाकशाबरोबर वापरतो बघा. पाप लागतं. जसं ऊन लागतं, नाद लागतो, दृष्ट लागते, तसं. बाहेरून येऊन चिकटतं. आणि मग ते फेडायचं. "कुठे फेडशील ही पापं" असं आई म्हणायची. कर्ज पण फेडतात, नवस पण फेडतात, आईबापांचे पांग पण फेडतात. म्हणजे तुम्ही जे नवीन सायंटिफिक म्हणून पोरीला सांगितलंत ते किंमतीचं गणित आपल्या क्रियापदात आधीपासूनच बसलेलं आहे. तुमच्या आजीच्या यादीत घोळ एवढाच की बऱ्याच आयटमना सावकारच नाही. मिठाचं देणं कुणाचं? झोपलेल्या झाडाचं? (अन्न टाकण्याचं मी समजू शकते, मीठ पण एकेकाळी महाग असणार, गरिबाच्या घरात सांडलेलं परवडत नसणार, त्याला पापण्यांची भीती जोडली की पोरं जपून वागतात. पण कारण गेलं आणि पापण्या उरल्या.)

आणि उलट ज्याचं खरोखर कुणालातरी देणं आहे ते यादीत नाहीच! माझ्या आजेसासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करायच्या, कुणाचा पदर लागला तर पुन्हा आंघोळ, आणि धुणंभांडी करणाऱ्या बाईला सणाच्या दिवशी जास्तीचं काम, पैसे तेवढेच. हे त्यांना पाप वाटलं नाही कधी. वाईट बाई नव्हत्या अजिबात, माझ्यावर जीव होता त्यांचा.

१८९० साली पुण्यात ख्रिस्ती लोकांच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावून पाहुण्यांना चहा-बिस्किटं दिली होती, टिळक, रानडे असे मोठे लोक होते. बोलावणं घडवून आणलं गोपाळराव जोशींनी, म्हणजे आपल्या कल्याणच्या डॉक्टर आनंदीबाईंचे नवरोबा, आणि नंतर कोण कोण होतं त्यांची नावं त्यांनीच वर्तमानपत्रात छापून आणली. केवढं वादळ झालं, धर्मपीठापर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा! कुणाचं काय बिघडलं होतं त्यात? त्याच पुण्यात तेव्हा बालविधवांचे केस कापले जात होते, त्याचं प्रायश्चित्त कुणी मागितलं नाही.

म्हणून मला 'पाप' शब्द टाकून द्यावासा वाटत नाही, यादी मात्र नव्याने करावीशी वाटते. प्रत्येक आयटमपुढे एकच रकाना, देणं कुणाचं. तो रिकामा राहिला की खोडा.


विठूमाऊली_७२:

छान छान बोलताय सगळे. पण देव काढून टाकला की कॅमेरा बंद असताना माणूस काय करतो ते वरच्या पोस्टमध्ये लिहिलेलंच आहे. आमची आई अडाणी होती, तिने स्कूटर पाडली असती तर रात्रभर झोपली नसती आणि सकाळी सहाला काकूंची बेल वाजवली असती. भीती भीती म्हणून हसताय पण पापभीरू हा शब्द मराठीत स्तुतीसाठी वापरतात, शिवी म्हणून नाही. आणि परपीडा म्हणजे पाप हे तुकोबा सांगून गेलेत, त्यासाठी नवीन यादी कशाला?


ऐरोली_साईड:

@विठूमाऊली_७२ तुकोबांचंच तर म्हणतेय मी. आजीच्या यादीतलं कुठलं कलम तुकोबांच्या व्याख्येत बसतं सांगा.


वाशी_स्टेशनबाहेर:

मी फायनान्समध्ये आहे त्यामुळे 'किंमत' हा शब्द बघून आलो. खारघरचे बाबा, तुमच्या मॉडेलमध्ये एक मोठी गडबड आहे, ती तुमच्या पोरीच्या लक्षात आलीच आहे (दुसऱ्याने किंमत दिली, आमच्यात त्याला बाह्य खर्च म्हणतात, कारखान्याचा धूर कारखानदाराच्या वहीत चढत नाही तो शेजारच्यांच्या छातीत चढतो). पण दुसरी गडबड जास्त वाईट आहे.

इस्राएलमध्ये हायफा शहरात एक प्रयोग झालेला, ग्नीझी आणि रुस्टिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांचा, पेपर २००० सालचा. १० पाळणाघरं. आईबाप पोरांना न्यायला उशिरा यायचे आणि बाई बिचारी ताटकळत बसायची. मग त्यातल्या काही पाळणाघरांनी दंड लावला, १० मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर एका पोरामागे १० शेकेल. काय वाटतं काय झालं असेल? उशिरा येणारे वाढले. जवळपास दुप्पट. कारण आधी उशीर झाला की लाज वाटायची, पळत यायचे, सॉरी म्हणायचे, आता काय, पैसे भरलेत ना, बसू दे. पुढे दंड काढून टाकला तरी उशिराने येणं कमी झालं नाही. लाज एकदा गेली ती गेलीच.

आमच्या टॉवरमध्ये सेम. गेस्ट पार्किंगमध्ये रात्रभर गाडी ठेवली तर २०० रुपये दंड. एक साहेब महिन्याचे एकदम भरतात, ॲडव्हान्स! परवा मला म्हणाले, स्टेशनला पार्किंग यापेक्षा महाग पडतं. खारफुटीचं तेच चाललंय आपल्याकडे, इकडची तोडू, तिकडे कुठेतरी झाडं लावून देऊ, हिशोब मिटला. खेकडे आणि रोहित पक्षी तिकडे शिफ्ट होतील बहुतेक.

म्हणून "किंमत द्यायची तयारी असेल तर कर" हे वाक्य पोरीसमोर पुन्हा बोलू नका. ते श्रीमंत माणसाला दिलेलं परमिट आहे. सिगारेटवर जास्त कर लावतात त्याला पेपरवाले सिन टॅक्स म्हणतात, भरला की पाप संपलं असं फुफ्फुसाला कोण सांगणार.


बेलापूर_खाडी:

वाल्या कोळ्याची गोष्ट कशी कुणाला आठवली नाही? आम्ही कोळी लोक त्या गोष्टीवर जरा वैतागूनच असतो, दरोडेखोर म्हटलं की कोळीच सापडतो का तुम्हाला, पण असो. एक खून एक खडा, असे सात रांजण भरले, मग नारद म्हणतो घरी विचारून ये पापात वाटेकरी कोण. बायकापोरं म्हणतात आम्ही नाही. कीर्तनकार इथे थांबून म्हणतो बघा, ज्याचं त्यालाच भोगावं लागतं. मला लहानपणापासून प्रश्न, अरे पण खाल्लं तर सगळ्यांनी ना? आणि रांजणातल्या खड्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं का? त्यांचं काय झालं गोष्टीत काहीच नाही. वाल्याचा वाल्मीकी झाला, चांगलं झालं.

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली ती बेकायदा बिल्डिंग कोसळली, ७४ माणसं गेली. काम अजून चालू होतं आणि लोक राहायला पण आलेले. एवढी बिल्डिंग एक माणूस उभी करत नाही. कुणी माल कमी टाकला असेल, कुणी सही केली असेल, कुणी त्या रस्त्याने रोज जाऊन वर बघितलंच नसेल. प्रत्येकाचा एकेक खडा. प्रत्येक जण म्हणू शकतो माझा तर एवढूसाच. तुमच्या स्कूटरवरून कुठे गेलो मी, सॉरी, पण त्या रात्री माझा मामेभाऊ तिथे मदतीला होता, तो अजून त्याबद्दल बोलत नाही.


कळवा_स्लो:

इथे कधी लिहित नाही पण हा धागा दोन दिवस डोक्यात फिरतोय.

मी दारू पिणारा माणूस आहे, ११ वर्षं झाली प्यायलेलो नाही. वाशी_स्टेशनबाहेर म्हणतात लाज गेली की माणूस सुटतो, त्यांच्या पाळणाघरापुरतं बरोबर असेल, माझं उलटं झालं. मला पाप म्हणून सांगणारे खूप होते. आईने तुळजापूरला नेऊन शपथ घ्यायला लावली. सासऱ्यांनी माळ घातली गळ्यात. शपथ मोडली की आणखी एक पाप, माळ काढून खिशात ठेवून बसलो की त्याच्यावर आणखी एक, आणि एवढं पाप डोक्यावर घेऊन शुद्धीत कोण राहणार, मग क्वार्टर. लाज हे माझ्यासाठी चकण्यासारखं होतं, सोबत लागायचंच.

एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट, त्यांच्या बारा पायऱ्या असतात) मीटिंगला गेलो तर तिथे पाप हा शब्द कुणी काढेचना. आठव्या पायरीला म्हणाले यादी कर, कुणाकुणाचं नुकसान केलं. मी म्हटलं लिहितो, मी नालायक, मी पापी. स्पॉन्सर, म्हणजे गटातला माझ्या आधी दारू सोडलेला सोबती, म्हणाला हे खोड, हे तुझ्याबद्दल आहे, यादी त्यांची आहे. नाव लिही, काय गेलं त्यांचं ते लिही. पहिलं नाव बहिणीचं, तिची साखळी मी गहाण टाकून सोडवली नव्हती. ते ६२ हजार महिन्याला २ हजार असे ३१ महिने भरले. एकतिसाव्या हप्त्याला ती काही बोलली नाही, जेवायला वाढलं फक्त. नववी पायरी म्हणजे प्रत्यक्ष जाऊन भरपाई करायची, पण त्यात एक अट आहे, तुमच्या जाण्याने त्यांचं किंवा आणखी कुणाचं नुकसान होणार असेल तर जायचं नाही.

ती अट मला दुसऱ्या नावाला नडली. वागळे इस्टेटला एका कंपनीत होतो तेव्हा एक जण माझं कार्ड पंच करायचा, मी पिऊन पडलेला असायचो. पकडलं त्याला. नोकरी त्याची गेली, माझी पुढे वर्षभर टिकली. मी शुद्धीवर येईपर्यंत तो वारलेला होता. बायकोला खरं कारण माहीत नव्हतं, तिला वाटायचं कंपनीत कामगार कमी केले. मी निघालोच होतो सांगायला. स्पॉन्सरने विचारलं, हे ऐकून तिला काय मिळणार? मला उत्तर देता येईना. मिळणार होतं ते मलाच, मोकळं वाटणार होतं. नाही गेलो. त्याच्या मुलाच्या आयटीआयच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने थोडी मदत पोचवली पण ती भरपाई होत नाही, मला माहितीये. ते नाव यादीत तसंच आहे.

तर बाबा, तुम्ही सांगायला जाणार आहात ते चांगलंच आहे. फक्त तुमचं ओझं उतरवायला जाताय की वॉचमनचे पैसे परत करायला, हे जिना उतरायच्या आधी बघा. दोन्ही एकदम होत असेल तर उत्तमच.


वाशी_स्टेशनबाहेर:

@कळवा_स्लो मान्य. माझी लाज आणि तुमची लाज एक नाही बहुतेक. विचार करतो.


घणसोली_३१:

आमच्याकडे दर रविवारी विहारात पंचशील म्हणतात, लहानपणापासून पाठ आहे पण अर्थाकडे लक्ष मोठेपणी गेलं. त्यात "हिंसा करू नकोस" असं कुणी कुणाला सांगतच नाही. वेरमणी सिक्खापदं समादियामि, म्हणजे यापासून लांब राहण्याचा धडा मी स्वतः घेतो. धडा! शिकण्याची गोष्ट आहे ती, शाळेसारखी, चुकलात तर पुन्हा घ्या. तुमच्या मुलीला मी हे सांगितलं असतं.

दुसरं म्हणजे नुसत्या परिणामावर जाऊ नका. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेमागे चक्खुपाल नावाच्या आंधळ्या भिक्खूची गोष्ट सांगतात. तो चंक्रमण करताना, म्हणजे येरझाऱ्या घालताना, पायाखाली किडे मेले, इतरांनी तक्रार केली. बुद्ध म्हणाले त्याला दिसत नव्हतं, मारायचं मनात नव्हतं, दोष नाही. मग त्याच गाथेत येतं की मन बिघडलेलं असताना माणूस बोलतो किंवा वागतो तेव्हा दुःख त्याच्यामागे असं येतं जसं ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे गाडीचं चाक. तुमची स्कूटर पडली ते चक्खुपालाचे किडे. पाऊस होता, दिसलं नाही, सोडा. गाडीत बसून निघालात तिथून चाक सुरू झालं. आणि पोह्यांच्या वेळी फोन उलटा ठेवलात तेव्हा तर चांगलंच.

किंमतीबद्दल एक. पापाचं रेट कार्ड ही आयडिया नवीन नाही. मनुस्मृतीत अकराव्या अध्यायात आहे, ब्राह्मणाला मारल्याचं जे प्रायश्चित्त त्याच्या चौथा हिस्सा क्षत्रियाला मारल्यावर, वैश्याला आठवा, सदाचारी शूद्राला सोळावा. सदाचारी बरं का, नुसता शूद्र असून भागत नाही. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक उगाच नाही जाळलं. त्यामुळे तुमच्या सोसायटीने १५०० कापायला वॉचमनच का निवडला, कमिटीने कॅमेरा जूनपासून दुरुस्त केला नाही म्हणून कमिटीचे का नाही कापले, हाही प्रश्न पोरीसमोर मांडा. हिशोब करणारा कोण आहे यावर बरंच ठरतं.


विठूमाऊली_७२:

कॅमेऱ्याचा मुद्दा बिनतोड आहे राव. मी पण एका कमिटीत आहे, गप्प बसतो.


खारघरचा_बाबा:

सगळ्यांचे आभार, उत्तरं बायकोने पण वाचली, पोरीला निवडक वाचून दाखवली (क्वार्टर सोडून).

अपडेट देतो. काकूंकडे गेलो, आरसा आणि पॅनेलचे ६४० झाले होते ते दिले. चांगल्या वागल्या, चहा दिला, फक्त म्हणाल्या त्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सेक्रेटरी म्हणाले आता कशाला, विषय संपलाय, तुमचंच नाव खराब होईल. तरी ग्रुपवर सगळं लिहिलं, वेळेसकट, म्हणजे पावणेसहा, आणि कॅमेऱ्याचं पण लिहिलं (घणसोली_३१ थँक्स). तीन अंगठे आले आणि एकाने लगेच खाली विचारलं टँकर किती वाजता येणार.

घोळ वॉचमनचा झालाय. एजन्सी म्हणते कापलेले पैसे परत होत नाहीत, सिस्टीममध्ये गेलं. ठीक आहे, १५०० मी देतो म्हटलं. तर कळलं तो इथे नाहीच. तक्रार आली म्हणून त्याला तळोज्याच्या साईटवर टाकलंय. आधी पाच मिनिटांवर राहायचा, आता दोन रिक्षा बदलून जातो म्हणे. सुपरवायझरने कुरकुरत पत्ता दिला.

पोरीने कळवा_स्लो यांचं ऐकून वहीत यादी केली. आरसा, ६४०, त्यापुढे बरोबरची खूण. वॉचमन काका, १५००. आणि तिसरी ओळ, "नवीन जागा लांब". त्यापुढचा आकडा तिने मोकळा सोडलाय आणि मला विचारतेय किती लिहू. मी दोन दिवस टाळतोय. रविवारी दोघं जाणार आहोत, तिथे त्यालाच विचारू म्हणते.


पाणीपुरी_सेक्टर१७:

खारघरवरून मेट्रो घ्या, शेवटच्या पेंधर स्टेशनला उतरा, पुढे शेअर रिक्षा मिळते. तो रात्रपाळीचा माणूस आहे, सकाळी झोपलेला असेल, चारनंतर जा. आणि गाडी नेऊ नका, तिथल्या गल्ल्या अरुंद आहेत, रिव्हर्स घ्यावी लागेल.